भिंतीवरची जनावरे

ग आणि गाय

मंडळी, आपल्या घरातले सण आठवा. नागपंचमीला बाया भिंतीवर नाहीतर पाटावर नाग काढतात. चातुर्मासात देवापुढे रांगोळीने गाईची पावले काढतात. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात. दिवाळीच्या तोंडावर वसुबारस येते. त्या दिवशी दारात गाय-वासराची रांगोळी पडते. हे सारे आपण दरवर्षी पाहतो. पण ही जनावरे तिथे का काढायची? ती काय सांगतात? हे आपण कधी विचारतो का? मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले, पण मीही कधी विचारले नव्हते. एका म्हातारीमुळे मला ते सुचले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर फुलंब्रीत मी रात्रीचा साक्षरता वर्ग घेत होतो. वर्गात साठी उलटलेली एक बाई येई. दिवसभर रानात खपून ती रात्री पाटी घेऊन बसे. एके दिवशी मी ‘ग’ शिकवत होतो. तिचा हात काही वळेना. शेवटी ती म्हणाली, “गुरुजी, ग काही जमंना. पण गाय येती मला. काढू का?”

आणि तिने काढलीसुद्धा. चार-पाच रेघांत गाय उभी राहिली. पोटाखाली लुचणारे वासरू. गाय मान वळवून वासराला चाटते आहे.

मी तोऱ्यात म्हणालो, “मावशी, ते चित्र झालं. आपल्याला लिहायला शिकायचंय.”

“बरं गुरुजी,” ती म्हणाली. तिने पदराने पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चूक माझी होती. अक्षर म्हणजे काय? आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याला डोळ्यांनी कळावी, म्हणून काढलेली खूण. मग त्या गाईने दुसरे काय केले होते? तिने माया म्हणजे काय ते सांगितले होते. जे त्या बाईला येत होते, तेच मी तिला पुसायला लावले.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातल्या दोन गोष्टी तुम्हांला सांगतो. एक आपल्याच महाराष्ट्रातली आहे, दुसरी सात समुद्रांपलीकडची आहे.

वारल्यांची भिंत

आपल्या राज्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला पालघर जिल्हा आहे. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. तिथे डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड अशा तालुक्यांत वारली लोक राहतात. गुजरातच्या शेजारच्या भागातही त्यांची वस्ती आहे. हे आदिवासी लोक डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकवतात.

त्यांचे जुने घर कारवीच्या काड्यांचे असते. काड्यांच्या कुडावर माती आणि शेण लिंपतात. त्यावर गेरूचा तांबडा हात देतात. मग तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात. तोच पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करतात. तोच कुंचला. दुकानातून काही आणावे लागत नाही.

चित्राची बाराखडीही लहानशी आहे. गोल, त्रिकोण आणि चौकोन. सूर्य आणि चंद्र गोल दिसतात, म्हणून गोल. डोंगर आणि झाडाचा शेंडा टोकदार दिसतो, म्हणून त्रिकोण. चौकोन मात्र माणसाने आखलेला. तो देवाच्या जागेसाठी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, वर एक गोल दिला, हातापायांच्या रेघा ओढल्या, की झाला माणूस. दोन त्रिकोण आडवे केले की जनावर. एवढ्यावर वारली माणूस सगळा संसार मांडतो. भात लावणारी बाई, नांगराचे बैल, कोंबड्या, माकडे, मासे, मुंग्या. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे. तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचे तोंडाने वाजवायचे लांब वाद्य.

हे चित्र रोज उठून काढत नाहीत. त्याला वेळ असते. लग्न ठरले की घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. हो, वारली माणूस ‘चित्र काढले’ म्हणत नाही, ‘चौक लिहिला’ म्हणतो. हा चौक सवाष्ण बायाच लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. ही झाडापाल्याची, पिकाची, वाढीची देवता. तिच्या शेजारी लहान चौकात घोड्यावर बसलेला देव असतो. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावायलाही धवलेरी नावाची बाईच असते. ती गाणी म्हणत विधी करते.

आपल्याकडे लग्नाची पत्रिका छापतात. त्यात कुलदेवतेचे नाव असते, नवरानवरीचे नाव असते. वारल्यांचा चौक म्हणजे भिंतीवर लिहिलेली पत्रिकाच. फरक एवढाच, की ती सोयऱ्याधायऱ्यांना नसून देवाला, झाडांना आणि जनावरांना दिलेली असते.

वाघ का काढायचा?

या चित्रांत वाघ दिसतो. कधी झाडाखाली बसलेला, कधी माणसांच्या जवळून जाणारा. पाहणाऱ्याला वाटते, रानात राहतात, वाघ दिसतो, म्हणून काढतात. तेवढेच कारण नाही.

वारली लोक वाघाला देव मानतात. त्याला वाघदेव किंवा वाघोबा म्हणतात. शिवारात, पायवाटेवर, रानाच्या कडेला लाकडाची नाहीतर दगडाची उभी फळी रोवलेली असते. तिच्यावर वाघ कोरतात आणि वर चंद्र-सूर्य कोरतात. दिवाळीच्या सुरुवातीला आपण वसुबारस करतो. त्याच सुमारास तिकडे वाघबारस होते. आपण गाय पुजतो, ते वाघ पुजतात.

तुम्ही म्हणाल, “हे उफराटेच! गाय खाणाऱ्याची पूजा कशाला?”

त्यात शहाणपण आहे. वाघ रानाचा राखणदार. वाघ आहे तिथे हरीण-डुकरांची गर्दी होत नाही आणि पीक वाचते. पण तोच वाघ गोठ्यातही येतो. म्हणून त्याच्याशी एक बोली केलेली असते. आम्ही तुझा मान ठेवू, तू आमच्या गुराढोरांना आणि लेकरांना सांभाळ. फळीवरचा वाघ हा त्या बोलीचा कागद आहे. अंगठा उठवलेला कागद म्हणा ना! त्या फळीपाशी आले की माणसाला आठवते, की इथून पुढे दुसऱ्याचे घर आहे.

आता तिकडे पट्टेरी वाघ उरला नाही. बिबट्या आहे. तिकडची माणसे त्यालाही वाघच म्हणतात. आपल्याकडेही कन्नडच्या बाजूला गौताळ्याच्या अभयारण्यात बिबटे आहेत. उसात बिबट्या दिसला की आपण काठ्या घेऊन धावतो. वारल्यांच्या बोलीने बिबट्याचे भय जाते असे मी म्हणत नाही. पण भीतीच्या जोडीला मान असेल, तर माणूस जरा सांभाळून वागतो.

म्हणजे भिंतीवरचे जनावर हे शोभेचे नाही. ते एक वाक्य आहे. ज्याला वाचता येते त्यालाच ते कळते.

भिंतीवरून कागदावर

भिंतीवरचे चित्र टिकत नाही. पावसाने ओल धरते, लिंपण पडते, चित्र जाते. पुढच्या लग्नाला नवे काढायचे. म्हणून बाहेरच्या लोकांना ही कला फारशी ठाऊक नव्हती.

१९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार डहाणूच्या भागात गेले. ते सरकारच्या हस्तकलेच्या कामावर होते. त्याआधी बिहारमध्ये दुष्काळ पडला असताना त्यांनी मिथिलेच्या बायांना कागद दिले होते. बाया भिंतीवर काढत ती चित्रे कागदावर काढू लागल्या. ती विकली गेली आणि घरात दोन पैसे आले. तसाच कागद त्यांनी वारल्यांपुढे ठेवला.

त्या कागदावर पुढे ज्याचे नाव झाले, तो जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा. राहणार डहाणू तालुक्यातले गंजाड. लहानपणी त्याची आई गेली. धक्क्याने पोराची वाचाच बसली. तो बोलण्याऐवजी धुळीत चित्रे काढून सांगू लागला. ते वेड त्याने मोठेपणीही सोडले नाही. बायांचे काम म्हणून बाजूला झाला नाही. लग्नाची वेळही पाहिली नाही. मासे पकडायचे मोठे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारप्याचा फेर अशी चित्रे त्याने काढली. १९७६ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली त्याची चित्रे फ्रान्समध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. २०११ साली सरकारने त्याला पद्मश्री दिली. २०१८ साली तो वारला. त्याच्या मुलांनीही ही कला पुढे चालवली.

हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट मनाला लागते. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले ते बायांनी. कागद आला, पैसा आला, आणि नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. त्या सवाष्ण बायांची नावे पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. भिंतीवर सही करायची रीतच नव्हती.

देवक आणि समुद्रापलीकडचे हायडा

आता लांबच्या गावाला जाऊ. पण आधी एक घरचीच गोष्ट आठवा. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात. कोणाचे देवक कळंबाचे, कोणाचे पंचपल्लवाचे, कोणाचे मोराचे पीस. ज्याचे जे देवक, त्या झाडाला किंवा पाखराला तो इजा करीत नाही. आणि दोन्ही घरांचे देवक एकच निघाले, तर जुनी माणसे सोयरीक करीत नाहीत.

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्रात काही बेटे आहेत. त्यांना हायडा ग्वाय म्हणतात. म्हणजे हायडा लोकांची बेटे. इंग्रजांनी त्यांना आपल्या राणीचे नाव दिले होते. २०१० साली सरकारने ते बदलून मूळच्या लोकांचे नाव पुन्हा दिले. हायडा लोक तिथे हजारो वर्षे राहत आले आहेत. मासे हे त्यांचे अन्न, देवदार जातीचे उंच झाड हे त्यांचे लाकूड.

त्यांचे लोक दोन कुळींत वाटलेले आहेत. एक डोमकावळ्याची, दुसरी गरुडाची. डोमकावळ्याच्या मुलाने गरुडाच्याच मुलीशी लग्न करायचे. आपल्या कुळीत करायचे नाही. मूल मात्र आईच्या कुळीत जाते. शिवाय घराण्या-घराण्यांची आपापली चिन्हे असतात. कोणाचे अस्वल, कोणाचे बेडूक, कोणाचा लांडगा, कोणाचा देवमासा. आपले देवक आणि त्यांचे चिन्ह यांत किती सारखेपणा आहे पहा! मधे एवढा समुद्र, एकमेकांना कधी पाहिले नाही. तरी माणसाच्या मनाने दोन्हीकडे जनावराशी नाते जोडले.

हायडा लोक ही चिन्हे लाकडाच्या उंच खांबावर कोरून घरापुढे उभी करतात. जनावरावर जनावर, त्यावर जनावर. खांब पाहिला की हे घर कोणाचे ते कळते. दारावरची पाटीच ती.

त्यांचीही बाराखडी आहे. चोच सरळ असली तर डोमकावळा. टोकाला खाली वाकलेली असली तर गरुड. पाठीवर उंच पर असला तर देवमासा. पुढचे दोन दात मोठे आणि शेपटीवर चौकड्या असल्या तर बीव्हर. हा बीव्हर झाडे कुरतडून ओढ्याला बांध घालतो. एवढ्या खुणा पाठ झाल्या, की तुम्हांलाही त्यांचा खांब वाचता येईल.

ते जनावर डोळ्याला दिसते तसे काढत नाहीत. मधोमध चिरून दोन्ही बाजू पसरल्यासारखे काढतात. एका चित्रात दोन्ही अंगे दिसतात. हे ऐकून हसू नका. आपल्या फुलंब्रीवरून ज्या मोटारी अजिंठ्याला जातात, त्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणे कोरली आहेत. अंगे चार, डोके मात्र एकच. कोणत्याही हरणाकडे पहा, ते डोके त्याचेच वाटते. चांगला कारागीर डोळ्याला दिसते तेवढेच काढत नाही. मनाला ठाऊक असते तेही काढतो.

डोमकावळ्याची त्यांच्याकडे एक कथा आहे. जगाच्या आरंभी डोमकावळा समुद्रकाठी हिंडत होता. त्याला एक मोठा शिंपला दिसला. आत काहीतरी हालत होते. ती पहिली माणसे होती. बाहेर यायला भीत होती. डोमकावळ्याने त्यांना गोड बोलून बाहेर काढले. आपल्याकडे पितरांचा घास कावळ्याला ठेवतात. त्यांच्याकडे माणसाला जगात आणले तेच कावळ्याने.

मोडले आणि पुन्हा उभे राहिले

या लोकांवर मोठे संकट आले. १८६२ साली त्या किनाऱ्यावर देवीची साथ आली. गावेच्या गावे ओस पडली. हजारो लोक होते. पन्नास वर्षांत सहाशेच्या आसपास उरले. त्यातच १८८५ पासून कॅनडाच्या सरकारने त्यांच्या मोठ्या समारंभांवर बंदी घातली. खांब उभारणे, जेवण घालणे, चिन्हांचा मान सांगणे, सारे त्या समारंभांतच होत असे. बंदी १९५१ साली उठली. तोवर जुने खांब कुजून पडले होते. कित्येक परक्यांनी उचलून संग्रहालयांत नेले होते. मुलांना त्यांची भाषा बोलायला शाळेत मनाई होती. कोरणारे हात थोडे राहिले.

मग उरलेल्यांनी जुन्याचा शोध घेतला. बिल रीड नावाचा एक माणूस होता. त्याची आई हायडा. तो रेडिओवर बातम्या सांगण्याचे काम करी. संग्रहालयातल्या जुन्या वस्तू पाहून पाहून तो कोरायला शिकला. रॉबर्ट डेव्हिडसन हा दुसरा. त्याचा जन्म १९४६ चा. त्याच्या मॅसेट गावात एकही जुना खांब उभा राहिला नव्हता. बावीस वर्षांच्या या पोराने १९६९ साली खांब कोरला आणि गावाला दिला. सुमारे नव्वद वर्षांनी तिथे खांब उभा राहत होता. उभा करताना कोणती गाणी म्हणायची? म्हातारी माणसे एकत्र बसली. अर्धवट आठवणारी गाणी एकमेकांना विचारून त्यांनी पुरी केली. एका लाकडाने गाणीही परत आणली.

जाळीवरची छपाई

पण खांब काही घरोघर नेता येत नाही. म्हणून हायडा कलावंतांनी छपाई धरली. ही छपाई तुम्ही पाहिलेली आहे. आपल्या बाजारात लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या अशाच छापतात. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणतात. जिथे रंग नको, तिथली भोके बुजवतात. चौकट कागदावर ठेवून वर रंग ओततात आणि रबरी पट्टीने ओढतात. मोकळ्या भोकांतून रंग खाली उतरतो. एका रंगाला एक जाळी. हायडा चित्रांत काळा आणि तांबडा हे मुख्य रंग. म्हणजे दोन जाळ्यांत काम होते.

त्यातली एक रीत मला फार आवडली. कलावंत आधीच ठरवतो, की या चित्राच्या पन्नास प्रतीच काढायच्या. प्रत्येक प्रतीवर तो शिसपेन्सिलीने आकडा घालतो. ७/५० असे लिहिले असेल, तर पन्नासांतली ही सातवी प्रत. शेजारी आपली सही. पन्नास झाल्या की जाळी पुसून टाकायची. म्हणजे घेणाऱ्याला कळते, की हे कोणी काढले आणि किती काढले.

आणखी एक नियम आहे. दुसऱ्या घराण्याचे चिन्ह विचारल्यावाचून वापरायचे नाही. आपल्याला चिन्ह दिसते. त्यांना त्यात एका घराण्याचे नाव, मान आणि पूर्वज दिसतात.

चित्र कोणाचे?

आता परत डहाणूला येऊ. आज वारली चित्र कुठे नाही? साडीवर आहे, कपावर आहे, शहरातल्या हॉटेलच्या भिंतीवर आहे. त्यातले पुष्कळ यंत्रावर छापलेले असते. काढणाऱ्याने वारली पाडा पाहिलेला नसतो. तो तारप्याचा फेर काढतो, पण वाजवणाऱ्याकडे पाठ न करता का नाचतात ते त्याला ठाऊक नसते. आणि त्या विक्रीतला एक पैसाही गंजाडच्या पाड्यात जात नाही.

यावर एक उपाय झाला आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला सरकारी नोंद मिळाली. तिला भौगोलिक मानांकन म्हणतात. आपल्या पैठणीलाही ते मिळालेले आहे. त्याचा अर्थ असा, की ‘वारली’ हे नाव सांगून माल विकायचा हक्क त्या लोकांचा. पण कागदावरचा हक्क ज्याला वाचता येतो, त्यालाच तो मागता येतो. म्हणून चित्र येणाऱ्यालाही अक्षर आले पाहिजे. सही करता आली पाहिजे, किंमत लिहिता आली पाहिजे, करार वाचता आला पाहिजे. आणि अक्षर येणाऱ्याने चित्राला हसू नये. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

आपल्या घरी

श्रावणात आपण बाजारातून जिवतीचा कागद आणतो. त्यावर नरसिंह असतो, कालियावर उभा कृष्ण असतो, लेकरे घेतलेल्या जिवत्या असतात. खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती बसलेले असतात. आपण तो चिकटवतो, फुले वाहतो. या श्रावणात घरातल्या म्हातारीला त्या चित्रांचा अर्थ विचारा. ती सांगेल ते वहीत उतरवून ठेवा. खाली तिचे नाव लिहा. तिच्यामागे सांगणारे कोणी नसेल.

आता त्या बाईची गोष्ट पुरी करतो. वसुबारसेच्या दिवशी मी तिच्या दारी गेलो. दारात तिने गाय-वासरू काढले होते. मी म्हणालो, “मावशी, चूक झाली माझी. तुम्ही वर्गाला या. पाटीवर आधी गाय काढा, मग तिच्याखाली ग काढू.”

ती लगेच काही बोलली नाही. वासराच्या डोळ्यात हळदीचा ठिपका ठेवला. मग म्हणाली, “येते. पण गाय पुसायची न्हाई.”

ती आली. आज ती आपले नाव लिहिते, बँकेत सही करते. तिच्या ग ला अजून शेपूट फुटते. मी ते खोडत नाही.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या घरात सणाला कोणती जनावरे काढतात? ती कोण काढते?
२. वारली लोक वाघाची पूजा का करतात?
३. तुमचे देवक कोणते? हायडा लोकांच्या चिन्हाशी त्याचे काय साम्य आहे?
४. छापील चित्रावर ९/४० असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ काय?
५. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एक चित्र काढायला सांगा. त्याखाली तिचे नाव आणि आजची तारीख लिहा.